निळ्या कागदावरची नावे

दिल्लीत काम निघाले की मी शक्यतो कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरते. एका अंगाला मंडी हाउसचा चौक आणि रवींद्र भवन, म्हणजे साहित्य, संगीत नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादम्या. दुसऱ्या अंगाला इंडिया गेट. गेल्या डिसेंबरात आले तेव्हा माझ्या सामानात एक काळे पाकीट होते. त्यात पोपटी झाक असलेले दहा-बारा जाड कागद. लोहाचा एक क्षार (फेरिक अमोनियम सायट्रेट) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची पाण्यातली द्रावणे एकत्र करून, अंधाऱ्या खोलीत ब्रशने लावून मी ते घरीच वाळवले होते. अशा कागदावर पान ठेवायचे, वर काच दाबायची आणि उन्हात न्यायचे. ऊन पडेल तिथला कागद बदलतो, पानाखालचा तसाच राहतो. मग साध्या पाण्याने धुतले की उघडा भाग गडद निळा होतो आणि पानाची जागा पांढरी उरते. या पद्धतीचे नाव सायनोटाइप. एके काळी इमारतींचे नकाशे याच निळ्या कागदावर उतरत. 'ब्लूप्रिंट' हा शब्द तिथूनच आला.

सकाळी रस्त्यावर धुके होते. भिंतीच्या फटीतून उगवलेल्या पिंपळाचे एक पान मी तोडून आणले, काचेखाली ठेवले आणि ऊन वर येण्याची वाट पाहत बसले. महाराष्ट्रात मे महिन्यात पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला दिल्लीच्या हिवाळ्यात अर्धा तास लागला. धुतल्यावर पान सुरेख उमटले होते: लांब शेपटीसारखे टोक, कडेची लाट, देठ. फोटो काढून आईला पाठवला. आई वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. तिचा लगेच फोन आला.

"पिंपळ आहे एवढं कळलं. पण शिरा कुठे आहेत?"

शिरा नव्हत्या. पिंपळाचे पान जाड. ऊन त्यातून पार होत नाही. कागदावर आली होती ती फक्त त्याची बाह्यरेषा. आईचा हा प्रश्न फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या वर्षी, १८३९ मध्ये, एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने विचारला होता. त्या प्रश्नामागे मी गेले दोन वर्षे आहे, आणि हा लेख त्याचाच हिशेब आहे.

फोटोग्राफीचा जन्म एका अर्थी चित्र न जमल्यामुळे झाला. १८३३ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हे इंग्रज गृहस्थ इटलीतल्या कोमो तळ्याकाठी कॅमेरा ल्युसिडा घेऊन निसर्गचित्र काढायला बसले होते. हे लोलकाचे छोटे उपकरण; त्यातून पाहिले की समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे दिसते आणि त्यावरून पेन्सिल फिरवायची असते. टॅलबटना तेही साधेना. तेव्हा त्यांच्या मनात आले, की ही प्रतिमा कागदावर आपोआप ठसली तर? पुढे त्यांनी चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर पाने, फुले, लेस ठेवून ऊन दाखवायला सुरुवात केली. गणिती म्हणून ते ओळखले जात, पण झाडांचा नाद त्यांना लहानपणापासून होता. त्यामुळे पहिल्या प्रयोगांत झाडपाला असावा यात नवल नाही. आपल्या सचित्र पुस्तकाचे नाव त्यांनी १८४४ मध्ये 'द पेन्सिल ऑफ नेचर' असे ठेवले. पेन्सिल निसर्गाची, हात कोणाचाच नाही, असा त्याचा अर्थ.

याच टॅलबटनी १८३९ मध्ये विल्यम जॅक्सन हुकर यांना एका छोट्या घंटेसारख्या फुलाच्या वेलीची अशी प्रतिमा पाठवली. हुकर तेव्हा ग्लासगोला प्राध्यापक होते. दोन वर्षांनी ते लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले. वनस्पतींच्या पुस्तकात चित्रांऐवजी अशा प्रतिमा छापता येतील का, अशी टॅलबटची विचारणा होती. हुकरनी उत्तर दिले ते सौजन्याने, पण स्पष्ट: एकंदर परिणाम देखणा आहे, मात्र फुलाचा फुगीरपणा, त्याचा हिरवा निदलपुंज आणि पानांच्या शिरा यांतले काहीच नीट कळत नाही. झाड ओळखायचे ते नेमके याच गोष्टींवरून.

त्याच १८३९ साली इकडे मुंबईत एक पुस्तक छापून झाले. पोस्ट खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी केलेली मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची ही सूची. ग्रॅहम त्याच वर्षी खंडाळ्याला वारले. सूचीत नावे आहेत, झाडे कुठे आढळतात ते आहे, चित्र नाही. चित्रे महाग, चित्रकार मिळणे कठीण. म्हणजे झाडाला चेहरा कसा द्यायचा हा प्रश्न लंडनला होता तसाच मुंबईलाही होता.

या प्रश्नाचे सर्वांत धीराचे उत्तर एका बाईने दिले. ॲना ॲटकिन्स, जन्म १७९९, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातली. आई लहानपणीच गेली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे ब्रिटिश म्युझियममधले वैज्ञानिक. त्यांनी मुलीला त्या काळच्या मुलींना मिळत नसे असे शिक्षण दिले. लामार्कच्या शिंपल्यांवरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर वडिलांनी केले, तेव्हा त्यासाठी दोनशेहून अधिक चित्रे ॲनाने काढली. हे मुद्दाम सांगते, कारण टॅलबट फोटोग्राफीकडे वळले ते चित्र येत नव्हते म्हणून. ॲनाला चित्र उत्तम येत होते. तरीही ती वळली.

कारण तिने विषय निवडला तो समुद्री शेवाळाचा. १८४१ मध्ये विल्यम हार्वे यांचे ब्रिटिश शेवाळांवरचे पुस्तक आले होते. त्यात वर्णने होती, चित्रे नव्हती. केसाइतक्या बारीक फांद्यांचे शेवाळ हाताने अचूक काढणे फार अवघड आहे, म्हणून आपण सर जॉन हर्शेल यांची नवी रीत वापरत आहोत, असे तिने प्रस्तावनेत सांगितले. ती रीत सायनोटाइपची.

हर्शेल खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्याला मध्ये ठेवणाऱ्या कोपर्निकसच्या नावाच्या रस्त्यावर बसून, एका आकाश पाहणाऱ्याने शोधलेल्या पद्धतीने मी पिंपळाचे पान उमटवत होते, हे मला धुण्याचे पाणी ओतताना सुचले. १८४२ मधल्या ज्या निबंधात ही रीत आली, त्याचा मोठा भाग फुलांच्या रसावर आहे. हर्शेलनी पाकळ्या चेचून त्यांचा रस कागदाला लावला, तो कित्येक दिवस उन्हात ठेवला आणि कोणता रंग किती उडतो ते टिपले. त्याआधी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आकाश न्याहाळायला गेले असताना त्यांनी आणि त्यांची पत्नी मार्गारेट यांनी तिथल्या फुलांची शंभरावर चित्रे केली होती: कॅमेरा ल्युसिडाने रेषा त्यांची, रंग तिचे. फुलांशी या माणसाचा संबंध असा जुना होता.

ॲनाच्या पुस्तकाचा पहिला भाग ऑक्टोबर १८४३ मध्ये निघाला. फोटोग्राफी वापरून सचित्र केलेले हे जगातले पहिले पुस्तक मानले जाते. शेवटचा भाग यायला १८५३ उजाडले. मध्ये, १८५२ च्या आरंभी, तिचे वडील गेले. एकूण चित्रे चारशेच्या घरात, आणि प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक चित्र पुन्हा नव्याने उन्हात करायचे. आज पूर्ण-अपुऱ्या मिळून वीसेक प्रतीच माहीत आहेत, पण तेवढ्यांसाठीसुद्धा काही हजार कागद माखावे, सुकवावे, उन्हात धरावे, धुवावे लागले असणार. शिवाय शेवाळ गोळा करणे, खारे पाणी काढून ते पसरणे, एकही धागा दुसऱ्यावर न येईल असे मांडणे. निसर्गाची पेन्सिल म्हणतात ती इतक्या हातांनी धरावी लागते.

आता आईचा प्रश्न. पिंपळाच्या शिरा आल्या नाहीत, मग शेवाळाचे बारकावे कसे आले? स्वतः करून पाहिल्यावर उत्तर हाताला लागले. शेवाळ पातळ, अर्धपारदर्शक आणि मुळातच सपाट पसरणारे. ऊन त्यातून कमी-जास्त प्रमाणात पार होते, आणि जाडीप्रमाणे निळ्याच्या छटा पडतात. जिथे दोन फांद्या एकमेकींवरून जातात तिथे पांढरे अधिक पांढरे होते. शिवाय पांढरे शेवाळ निळ्यावर पाण्यात तरंगल्यासारखे दिसते. पद्धतीची मर्यादा आणि वनस्पतीचा स्वभाव इथे एकमेकांना मिळाले. नंतर ॲनाने ॲन डिक्सन या मैत्रिणीबरोबर नेचे आणि फुलझाडे उमटवली. नेच्यांची पाने पातळ. ती सुंदर आली. फुले मात्र दाबून सपाट करावी लागली, आणि ज्या गोष्टी हुकरना हव्या होत्या त्या तिथेही हरवल्या. पाच पाकळ्या मोजता येतात. आत काय आहे ते कळत नाही.

ज्या दहा वर्षांत ॲना निळे कागद धूत होती, त्याच दशकात पुण्याजवळ दापोडीला दुसरे एक काम चालू होते. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना तिथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू झाले. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'दापुरी'. १८३८ पासून ते अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आले. औषधी झाडांची लागवड हा त्यांचा मुख्य उद्योग. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि सह्याद्रीतली जंगलतोड थांबवावी म्हणून सरकारला लिहीत राहिले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून उद्यानातल्या आणि भोवतालच्या झाडांची सुमारे १७० रंगीत चित्रे करून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तक केले, तेव्हा ती जगापुढे आली.

त्या चित्रांत फांदी आहे, फूल आहे, आणि खाली बारीक आकारात फुलाचे सुटे भाग: उघडलेला पुष्पमुकुट, पुंकेसर, कापलेला अंडाशय. म्हणजे हुकरना हवे होते ते सगळे. चित्रकाराने एक फूल पाहिलेले नाही. फूल उघडले आहे, भाग सोडवले आहेत, मोजले आहेत, आणि कोणता भाग कोणाला दिसला पाहिजे हे ठरवले आहे. सायनोटाइप त्या एका रोपट्याची साक्ष देतो. चित्र त्या जातीची ओळख करून देते. विज्ञानाला दोन्ही लागतात, पण ओळखीसाठी दीर्घकाळ चित्रच कामाला आले.

या चित्रकाराचे नाव कुठे नाही. पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस, एवढाच त्याचा पत्ता. गोव्याचा की वसईचा, की मुंबईतल्या एखाद्या गावठाणातला? त्याला लॅटिन कोणी शिकवले का, सूक्ष्मदर्शकातून बघायला कोणी शिकवले, महिन्याला किती मिळत होते? झाडांना नावे आहेत, संग्रहाला गिब्सनचे नाव आहे, उद्यानालाही नाव आहे.

ॲनाचेही नाव थोडक्यात वाचले. प्रस्तावनेखाली तिने फक्त 'ए. ए.' अशी आद्याक्षरे घातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लासगोच्या एका संग्राहकाच्या हाती तिच्या पुस्तकाची प्रत आली, तेव्हा 'ए. ए.' म्हणजे 'अनामिक हौशी' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असावेत असा त्याचा समज झाला. पुढे खरे नाव सापडले, पण तिचे काम सर्वदूर पोचायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे गेली. तिच्या पतीचे घराणे वेस्ट इंडीजच्या व्यापारातले होते. नेच्यांच्या संग्रहात जमैकाहून आलेली पाने आहेत. ती तिथल्या रानात कोणी तोडली, त्यांची तर आद्याक्षरेही नाहीत.

मग आपल्याकडे फोटोग्राफी आल्यावर झाडांचे काय झाले? ती आली फार लवकर. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सदस्य होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटोग्राफर आणि सोसायटीच्या कार्यकारिणीवर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी तर महारोगावर वनस्पतीच्या बियांचे तेल वापरून पाहणारे; वनौषधींचा अभ्यास त्यांनी हयातभर केला. कॅमेरा आणि झाड एकाच घरात होते. तरीही त्या काळच्या मुंबईच्या छायाचित्रांत दिसतात ती माणसे, जातीजमातींचे पोशाख, लेणी, इमारती. झाड असलेच तर देवळामागे.

याला एक कारण रसायनाचे आहे. त्या काळच्या ओल्या काचेच्या पट्ट्यांना फक्त निळा-जांभळा प्रकाश कळे. हिरवा आणि तांबडा जवळजवळ काळाच येई. पळस फुललेला असो वा आंब्याला नवी पालवी असो, काचेवर डागच पडायचा. शिवाय पट्टी ओली असेतो फोटो घ्यायचा, आणि तोवर वाऱ्याने पान हलता कामा नये. १८७३ मध्ये जर्मनीत हर्मन फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून पट्टीला हिरवा दाखवायची युक्ती काढली, त्यानंतर हळूहळू हे सुधारले. पण दुसरे कारण हुकरचेच होते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मराठी शल्यवैद्य. वनस्पतिशास्त्रात त्यांचा अधिकार मोठा. मेजर बी. डी. बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा ग्रंथ, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९१८ मध्ये अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. त्यात हजारावर चित्रपत्रे आहेत. फोटोग्राफीला तेव्हा ऐंशी वर्षे होत आली होती, आणि तरी ती सगळी हाताने काढलेल्या चित्रांची. वैद्याला झाड ओळखायचे होते, एका विशिष्ट रोपट्याला भेटायचे नव्हते.

कलेने मात्र फोटोतले नेमके ते एक रोपटेच उचलले. बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणारे कार्ल ब्लॉसफेल्ट नेच्याची गुंडाळलेली कोवळी पालवी, काटेरी बोंडे, कळ्या अनेक पट मोठ्या करून फोटो घेत. हेतू एवढाच, की विद्यार्थ्यांनी लोखंडी जाळ्यांचे नि नक्षीचे आकार त्यांवरून शिकावे. १९२८ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि शाळेतले तक्ते एकाएकी आधुनिक कला ठरले. ॲनाच्या निळ्या पानांचेही तेच झाले. शेवाळ ओळखायला आज ती कोणी उघडत नाही. संग्रहालयात काचेआड ठेवून लोक ती पाहतात. विज्ञानासाठी केलेले काम विज्ञानाला अपुरे पडले आणि कलेला पुरून उरले. मला यात ॲनाचा पराभव वाटत नाही. पण तिने प्रत्येक पानावर शेवाळाचे लॅटिन नाव स्वतःच्या अक्षरात उमटवले होते, ते शोभेसाठी नव्हे, हे काचेपुढे उभे असताना आठवावे असे वाटते.

ती नावे उमटवायची तिची युक्ती साधी होती. पातळ, अर्धपारदर्शक कागदाच्या तुकड्यावर शाईने नाव लिहायचे आणि तो तुकडा शेवाळाबरोबरच उन्हात ठेवायचा. शाई ऊन अडवते. अक्षरे पांढरी येतात. शेवाळ आणि अक्षर दोन्ही एकाच उन्हाने, एकाच वेळी.

आईचेही एक असे प्रकरण आहे. मी शाळेत असताना तिने एका पाठ्यपुस्तकासाठी शंभराच्या आसपास आकृत्या काढल्या होत्या. रात्री जेवणे झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ट्रेसिंग पेपर पसरून बसे, शाईच्या पेनाने रेषा ओढी. पुस्तक निघाले, मुखपृष्ठावर दोन नावे, त्यांत तिचे नव्हते, आणि आभारातही नव्हते. तिने कधी कोणाला काही विचारले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "मुलांना आकृत्या कळल्या ना?" विद्यार्थ्यांना मात्र ती एकच सांगे: पाहिलंत ते काढा, पाठ आहे ते नको. त्या मूळ आकृत्यांतल्या काही माझ्याकडे आहेत.

दिल्लीतल्या शेवटच्या दिवशी धुके नव्हते. पाकिटात एकच कागद उरला होता. मी सोबत आणलेली आईची एक आकृती त्यावर ठेवली: धोतऱ्याच्या फुलाचा उभा छेद. कर्ण्यासारखा पुष्पमुकुट, नळीला चिकटलेले पुंकेसर, तळाशी अंडाशय. ट्रेसिंग पेपरच्या छोट्या तुकड्यावर शाईने आईचे पूर्ण नाव लिहिले आणि तो खालच्या कोपऱ्यात ठेवला. वर काच. कोपर्निकस मार्गावर सरकारी गाड्या जात होत्या, चहावाला ओरडत होता. वीस मिनिटांनी कागद धुतला. गडद निळ्यावर पांढऱ्या रेषा, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत तिचे नाव. दापोडीच्या चित्रकारासाठी असे काही करायचे तर लिहू काय, असा प्रश्न तेव्हा पडला, तो अजून तसाच आहे.

आईला फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला.

"मोठं करून बघितलं. पाच पुंकेसर असतात धोतऱ्याला. उभ्या छेदात सगळे दिसायचे नाहीत, पण जेवढे दिसायला हवेत तेवढे आलेत का बघ."

मी मोजले. आले होते.

"मग ठीक," ती म्हणाली. नावाबद्दल काही बोलली नाही. पण फोन ठेवताना विचारले, "अजून कागद उरलेत का तुझ्याकडे?"